मुस्लिम किशोरवयीन, ओळखीचा प्रश्न आणि कट्टरतावाद : कुमार कादंबऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, ग्रंथपाल आणि स्वतः किशोरवयीन वाचक या कादंबऱ्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उल्लेख केलेल्या सर्व कादंबऱ्या मूळ इंग्रजीत आहेत आणि त्यांच्या कथा मुख्यतः ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे घडतात. काही उत्तरांत कथानकाचा थोडाफार उलगडा होतो, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

या कादंबऱ्या नेमक्या कशाविषयी असतात?

त्यांच्या केंद्रस्थानी साधारणपणे 14 ते 18 या वयातील मुस्लिम मुलगा किंवा मुलगी असते, आणि बहुतेक वेळा हे मूल मुस्लिम अल्पसंख्य असलेल्या देशात वाढलेले असते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. घरात एका गोष्टीची लाज, शाळेत नेमकी उलट गोष्टीची. अशा मुलाला ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की अखेर तो स्वतःलाच तो विचारू लागतो. कट्टरतावाद या गोष्टीत कधी नायकाला स्वतःकडे ओढतो, कधी त्याच्या भावाला किंवा मैत्रिणीला, आणि पुष्कळदा तो कुठेच नसतो, असतो तो केवळ इतरांच्या मनातील संशय. या शेवटच्या प्रकारच्या कादंबऱ्यांकडे समीक्षकांचे दुर्लक्ष होते, असे मला वाटते. ओळखीचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांतच सोलून काढलेला असतो.

मुस्लिम किशोरवयीनांच्या सर्व कादंबऱ्यांत कट्टरतावाद असतोच का?

मुळीच नाही, आणि तो असावा ही अपेक्षाच या साहित्यापुढची मोठी अडचण आहे. एस. के. अली यांच्या 2017 च्या ‘सेंट्स अँड मिसफिट्स’ या कादंबरीतील जन्ना ही हिजाब घालणारी शाळकरी मुलगी आहे. तिच्यावर हात टाकणारा तरुण मशिदीच्या वर्तुळात कुराण पाठ असलेला, सज्जन म्हणून नावाजलेला आहे. त्यामुळे तोंड उघडावे तर आपल्याच लोकांची बदनामी होईल आणि गप्प बसावे तर स्वतःशी बेइमानी, अशा पेचात ती सापडते. बाँब, पोलीस, सीरिया यांपैकी काहीही या कथेत नाही. धर्म मात्र पानापानात आहे, आणि तो आधार म्हणूनही आहे आणि ओझे म्हणूनही.

हा प्रवाह केव्हा सुरू झाला?

मुस्लिम पात्रे त्याआधीही होती, परंतु 11 सप्टेंबर 2001 नंतर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. अमेरिकेने 2002 मध्ये 25 देशांतून आलेल्या, 16 वर्षांवरील पुरुषांसाठी विशेष नोंदणीची सक्ती केली. उत्तर कोरिया सोडला तर हे सर्व देश मुस्लिमबहुल होते. मरीना बुधोस यांची ‘आस्क मी नो क्वेश्चन्स’ ही 2006 ची कादंबरी याच नोंदणीच्या भीतीतून उभी राहते. व्हिसाची मुदत संपलेले एक बांगलादेशी कुटुंब न्यूयॉर्कहून कॅनडाच्या सीमेवर आश्रय मागायला जाते, तेथून परत पाठवले जाते, वडिलांना अटक होते आणि 14 वर्षांच्या नादिराला मोठ्या बहिणीसह शाळेत परतून काही घडलेच नाही असे वागावे लागते.

त्याच सुमारास, 2005 मध्ये, ऑस्ट्रेलियात रांदा अब्देल-फताह यांची ‘डझ माय हेड लुक बिग इन धिस?’ आली. मेलबर्नमधील 16 वर्षांची अमल पूर्णवेळ हिजाब घालण्याचे ठरवते, आणि या निर्णयाने धास्तावतात ते तिचे आईवडील. मुलीवर घरच्यांनी बुरखा लादल्याची गोष्ट ऐकायला सरावलेल्या वाचकाला हा उलटा प्रकार गोंधळात टाकतो. त्यातच पुस्तकाचा खट्याळपणा आहे.

ब्रिटनमध्ये 7 जुलै 2005 रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले आणि 52 नागरिक मारले गेले. हल्लेखोरांतील बहुतेक जण ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. ‘आपल्या शाळेत शिकलेली मुले असे का करतात?’ हा प्रश्न तेथील साहित्यात त्यानंतर शिरला. 2015 च्या फेब्रुवारीत पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील तीन शाळकरी मुली ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेत सामील होण्यासाठी तुर्कस्तानमार्गे सीरियात गेल्या आणि त्या प्रश्नात मुलींचीही भर पडली. प्रकाशकांनीही हळूहळू दार उघडले. ‘सायमन अँड शुस्टर’ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने 2016 मध्ये ‘सलाम रीड्स’ ही मुस्लिम पात्रांच्या बालकुमार पुस्तकांसाठीची स्वतंत्र शाखा जाहीर केली.

एखादे मूल कट्टरतेकडे कसे ओढले जाते, हे या कादंबऱ्या कसे दाखवतात?

मुहम्मद खान यांची ‘आय ॲम थंडर’ ही 2018 ची कादंबरी येथे उदाहरण म्हणून घेता येईल. खान दक्षिण लंडनमध्ये गणिताचे शिक्षक होते, आणि बेथनल ग्रीनच्या घटनेनंतर आपल्या विद्यार्थ्यांकडे पाहून त्यांनी ही कादंबरी लिहिली. 15 वर्षांच्या मुझनाला लेखिका व्हायचे आहे, आईवडिलांना मात्र तिला डॉक्टर करायचे आहे. स्वतःच्या रूपाविषयी तिच्या मनात न्यूनगंड आहे, आणि नव्या शाळेत आरिफ नावाचा देखणा मुलगा तिच्याकडे लक्ष देतो. या टप्प्यावर धर्माचा फारसा संबंध नाही. कोणीतरी आपले ऐकून घेते आहे, एवढ्याने ती हुरळून जाते. आरिफ आणि त्याचा मोठा भाऊ जमील यांचे बोलणे पुढे कोणत्या दिशेला जाते, हे तिच्या लक्षात येते तोवर ती त्यांच्यात मिसळून गेलेली असते.

यातील कौशल्य असे की, वाचकाला धोका मुझनाच्या आधी दिसतो, तरीही तिचा राग येत नाही. तिच्या जागी आपणही हेच केले असते, असे वाटत राहते. मनात शंकेची पाल चुकचुकते आणि तरीही पान उलटताना आरिफने पुन्हा भेटावे असे आपल्याला वाटते. हे साधले की लेखकाने वाचकाला विषय समजावून न सांगता अनुभवायला दिला, असे म्हणता येते. ज्या कादंबऱ्यांत दुसऱ्याच प्रकरणात दाढीवाला अनोळखी माणूस येऊन जहाल भाषण करतो आणि तिसऱ्या प्रकरणात मुलगा बदललेला असतो, त्यांत असे काही होत नाही. भाषणाने मुले बदलत असती, तर शाळांना किती सोपे झाले असते!

हे चित्रण वास्तवाशी जुळते का?

बऱ्याच अंशी जुळते. ब्रिटनच्या एमआय5 या गुप्तचर संस्थेचा एक अंतर्गत अहवाल 2008 मध्ये वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. दहशतवादाकडे वळणाऱ्यांचा कोणताही एक साचा नाही आणि त्यांतील पुष्कळ जण नियमाने धर्म पाळणारे नसतात, असा त्याचा निष्कर्ष होता. 2013 मध्ये लढण्यासाठी सीरियात गेलेल्या बर्मिंगहॅमच्या दोन तरुणांनी निघण्यापूर्वी इस्लामची नवशिक्यांसाठी लिहिलेली तोंडओळख विकत घेतली होती, ही गोष्ट खटल्याच्या वेळी खूप गाजली. धर्माच्या ज्ञानापेक्षा अपमान, एकटेपणा आणि मित्रांचे वर्तुळ यांचा जोर अधिक असतो, याकडे अशा गोष्टी बोट दाखवतात.

मानसशास्त्रज्ञ फथाली मोघद्दम यांनी 2005 मध्ये दहशतवादाच्या वाटेला अरुंद होत जाणाऱ्या जिन्याची उपमा दिली. तळमजल्यावर असंख्य माणसे असतात. आपल्यावर अन्याय होतो असे त्यांना वाटत असते, तरी त्यांतील फारच थोडी वर चढतात. कादंबरीकाराने ही उपमा जवळ ठेवावी, असे मला वाटते. वरच्या पायऱ्या थरारक असल्याने लेखणी तिकडे धावते, पण कादंबरी हा तळमजल्याचा वाङ्मयप्रकार आहे. तेथे राहणाऱ्या बहुसंख्य मुलांना राग येतो, ती दार आपटतात, कवितेची वही भरतात आणि रात्री जेवायला बसतात. ती वर का गेली नाहीत, हा प्रश्न गेलेल्यांच्या प्रश्नाइतकाच खोल असूनही फार थोड्यांनी हाताळला आहे.

अशा कादंबऱ्यांत सर्वात जास्त खटकणारी चूक कोणती?

धर्माचरणाचा आजाराच्या लक्षणासारखा वापर. मुलगा नमाज पढू लागला, संगीत ऐकेनासा झाला, मुलीने हिजाब घेतला, आणि घरच्यांच्या पोटात गोळा आला: ही चित्रपटी घाई पुष्कळ पुस्तकांत आढळते. तिच्यामुळे वाचकाच्या मनात एक शिडी तयार होते, जिच्या खालच्या पायरीवर रोजा आणि वरच्या पायरीवर बंदूक असते. जगभरातील कोट्यवधी किशोरवयीन रमजानमध्ये उपवास करतात, दुपारच्या तासाला पेंगतात आणि सूर्यास्ताकडे डोळे लावून बसतात; त्यांच्या लेखी ती शिडी अस्तित्वातच नसते.

म्हणून एखादी कादंबरी हाती आली की मी आधी तिच्यात काही बिनसलेले नसतानाची नमाज शोधतो. सकाळी उठण्याचा आळस, वुजू करताना, म्हणजे नमाजेपूर्वी हातपाय-तोंड धुताना, ओले झालेले बाह्यांचे काठ, सज्द्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकलेले असताना, मनात रेंगाळणारा गणिताचा पेपर, आणि तरीही उठताना वाटलेला थोडासा हलकेपणा, असे काहीतरी एखाद्या पानावर असेल, तर पुढे जमीलसारखा कोणी त्याच नमाजेचा अर्थ वाकवू लागला की वाचकाला काय वाकवले जात आहे हे कळते. जे आधी सरळ दाखवलेलेच नाही, त्याचे वाकणे दाखवता येत नाही.

ब्रिटनमध्ये 2018 मध्ये चित्रपट व मालिकांसाठी ‘रिझ चाचणी’ मांडली गेली. अभिनेता रिझ अहमद याच्या 2017 च्या हाउस ऑफ कॉमन्समधील भाषणातून तिची प्रेरणा मिळाली. मुस्लिम पात्राचा संबंध दहशतवादाशीच जोडला आहे का, ते विनाकारण संतापी आहे का, अंधश्रद्ध किंवा मागासलेले आहे का, पाश्चात्त्य जीवनपद्धतीला धोका म्हणून दाखवले आहे का, पुरुष असल्यास स्त्रीद्वेष्टे आणि स्त्री असल्यास पुरुषांच्या धाकातली आहे का, असे पाच प्रश्न ती विचारते. कट्टरतावादावरची कादंबरी पहिल्याच प्रश्नाला नापास होणार, हे उघड आहे. त्यामुळे येथे ही चाचणी गुण देण्यासाठी वापरू नये, तर संपूर्ण पुस्तकात याच पाच गोष्टींव्यतिरिक्त मुस्लिम माणसे काही करतात का, हे पाहण्यासाठी वापरावी.

संशय आणि पाळत यांविषयीच्या कादंबऱ्या वेगळ्या मोजाव्यात का?

त्या याच विषयाची दुसरी बाजू आहेत. ॲना पेरेरा यांच्या ‘ग्वांतानामो बॉय’मध्ये (2009) रॉचडेलचा 15 वर्षांचा खालिद कुटुंबासोबत कराचीला जातो आणि तेथून थेट अमेरिकी कैदेत पोहोचतो, चुलतभावासोबत खेळलेला संगणकावरचा खेळ त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतो. हे अतिशयोक्त वाटत असेल तर कॅनडाचा ओमर खद्र आठवावा: 2002 मध्ये अफगाणिस्तानात पकडला गेला तेव्हा तोही 15 वर्षांचाच होता, आणि त्याची रवानगी ग्वांतानामोलाच, म्हणजे क्युबातील अमेरिकी तुरुंगात, झाली.

बुधोस यांची 2016 ची ‘वॉच्ड’ मला याहून अधिक अस्वस्थ करणारी वाटते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा नईम किरकोळ चोरीच्या प्रकरणात सापडतो आणि पोलीस त्याच्यापुढे पर्याय ठेवतात: आपल्याच वस्तीतील लोकांवर नजर ठेव, बातमी दे, पैसे घे. या कथेला वास्तवाचा आधार आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी मशिदी, उपाहारगृहे आणि विद्यार्थी संघटनांवर ठेवलेली पाळत 2011 मध्ये ‘असोसिएटेड प्रेस’च्या वार्ताहरांनी उघड केली आणि ते काम करणारा विभाग 2014 मध्ये बंद करण्यात आला. नईमला ज्या रीतीने जवळ केले जाते, ती रीत पाहून वाचक चमकतो. त्याला कोणीतरी महत्त्व देते, त्याचे गुण ओळखते, गुपित राखायला सांगते, घरच्यांपासून तोडते. मुझनाच्या बाबतीत आरिफ आणि जमील हेच करतात. कट्टर गट आणि पोलीस सारखेच आहेत, असे कादंबरी कुठेही म्हणत नाही. दोघांना हवे असलेले मूल मात्र एकाच प्रकारचे आहे.

मुलांच्या आणि मुलींच्या कथांत काय फरक आढळतो?

मुलांच्या कथांत अपमान, मारामारी, पोलीस आणि भावाभावांतील ताण अधिक. मुलींच्या कथांत प्रेम, पोशाख आणि घरातील बंधने अधिक. हा फरक काही प्रमाणात खरा असला, तरी त्याची आता सवय झाली आहे. मुलगीही राजकीय संतापाने पेटू शकते आणि मुलगाही प्रेमापोटी वाहवत जाऊ शकतो, हे सांगणाऱ्या कादंबऱ्या अधिक लिहिल्या जायला हव्यात.

लेखक स्वतः मुस्लिम असायला हवा का?

तसा नियम करता येणार नाही. 2015 मध्ये समाजमाध्यमांवर ‘ओन व्हॉइसेस’ ही खूण रूढ झाली. आपल्याच समूहाविषयी लिहिणाऱ्या लेखकांची पुस्तके वाचकांना सापडावीत, एवढाच तिचा मूळ हेतू होता. पुढे ती लेखकांच्या खासगी आयुष्याची उलटतपासणी करण्याचे हत्यार बनली, आणि ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या अमेरिकी संस्थेने 2021 मध्ये तिचा वापर थांबवला.

असे असले तरी लेखक कोण, याला अजिबात महत्त्व नाही असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये ‘एब्रम्स’ या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयात शिरलेल्या आत्मघाती हल्लेखोर मुलावरचे एक आगामी चित्रमय पुस्तक तीव्र आक्षेपांनंतर मागे घेतले. त्या पुस्तकाचे निर्माते नामवंत होते आणि त्यांचा हेतू वाचनाची थोरवी सांगण्याचा होता. परंतु वाचता न येणारा तपकिरी कातडीचा मुलगा आणि पुस्तकांत रमलेले बाकीचे वाचक, ही मांडणी मुस्लिम वाचकांना जुन्याच अपमानाची नवी आवृत्ती वाटली. अप्रकाशित पुस्तक मागे घेणे योग्य होते की नाही, यावर मतभेद होऊ शकतात; मला स्वतःला ते प्रसिद्ध होऊन त्यावर खडाजंगी झालेली अधिक आवडली असती. पण हस्तलिखित तयार होत असताना असा आक्षेप घेऊ शकणारे कोणी त्या टेबलाभोवती होते का, ही शंका राहतेच.

कट्टर गटात भरती करणाऱ्याचे बोलणे छापल्याने वाचकावर त्याचा परिणाम होणार नाही का?

हा प्रश्न पालक सर्वाधिक विचारतात. दुबळ्या युक्तिवादाचा खलनायक वाचकाला सुरक्षित ठेवत नाही, उलट गाफील ठेवतो; कारण प्रत्यक्षात भेटणारा माणूस मूर्ख नसतो, आणि तो ज्या अन्यायांबद्दल बोलतो त्यांतील काही खरेही असतात. चांगला लेखक त्या माणसाला खऱ्या वेदनेपासून सुरुवात करू देतो आणि कोणत्या वाक्यावर तो खोट्याकडे वळला, हे वाचकाला स्वतः शोधू देतो. संघटनांची प्रत्यक्ष प्रचारपत्रके, पत्ते किंवा कृतीचे तपशील यांची मात्र कादंबरीला काहीही गरज नसते.

शिक्षकांनी वर्गात ही पुस्तके वापरताना काय लक्षात ठेवावे?

वर्गात मुस्लिम विद्यार्थी एकच असेल, तर त्याला प्रवक्ता बनवू नये, ही पहिली गोष्ट. ‘तुमच्यात असे असते का?’ या एका प्रश्नाने चांगली कादंबरीही त्या मुलासाठी शिक्षा होते.

ब्रिटनमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्याने, त्याच वर्षाच्या 1 जुलैपासून, विद्यार्थी दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची दखल घेण्याचे ‘प्रिव्हेंट’ कर्तव्य शाळांवर टाकले. ज्या शिक्षकाने मोकळेपणाने बोलायला सांगायचे, त्यानेच संशयास्पद बोलण्याची नोंद पुढे पाठवायची, अशी ही स्थिती आहे. तिचे समर्थकही आहेत आणि कडवे टीकाकारही. कादंबरीवरच्या चर्चेपुरते एवढे खरे की, मुले तोलूनमापून बोलू लागतात. पात्राविषयी बोलण्याची मुभा येथे उपयोगी पडते, कारण ‘मुझनाला राग का आला?’ याचे उत्तर देताना विद्यार्थ्याला स्वतःच्या रागाची कबुली द्यावी लागत नाही.

इतर प्रकारच्या कट्टरतेवर अशा कादंबऱ्या आहेत का?

आहेत, पण तुलनेने कमी, आणि हे असंतुलन डोळ्यांत भरणारे आहे. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षात ब्रिटनच्या ‘प्रिव्हेंट’ यंत्रणेकडे आलेल्या नोंदींमध्ये अतिउजव्या विचारांशी संबंधित नोंदींची संख्या प्रथमच इस्लामी कट्टरतेशी संबंधित नोंदींहून जास्त होती. समीरा अहमद यांच्या ‘लव्ह, हेट अँड अदर फिल्टर्स’मध्ये (2018) ही बाब कथानकातच गुंफली आहे. स्फोटानंतर संशय नायिका मायाचे आडनाव असलेल्या माणसावर जातो, तिच्या कुटुंबाला त्याची झळ बसते आणि गुन्हेगार नंतर गोरा तरुण निघतो.

कोणत्या वयापासून ही पुस्तके द्यावीत?

‘डझ माय हेड लुक बिग इन धिस?’ 12 वर्षांच्या वाचकालाही चालेल. ‘सेंट्स अँड मिसफिट्स’मध्ये लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न आणि ‘ग्वांतानामो बॉय’मध्ये छळाचे वर्णन आहे, ती 14 नंतर, आणि शक्यतो घरातील एखाद्या मोठ्या माणसाने आधी वाचून द्यावीत.

एखाद्या वाचकाने सुरुवात कोठून करावी?

अमल किंवा जन्नापासून. ज्या पुस्तकात स्फोट नाही, भरती करणारा नाही, चौकशी नाही, असे एखादे आधी वाचावे आणि ‘आय ॲम थंडर’ किंवा ‘वॉच्ड’ त्यानंतर घ्यावे. उलट क्रमाने वाचणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी एका चोखंदळ वाचक बाईंनी मला सांगितले की ‘सेंट्स अँड मिसफिट्स’ वाचताना जन्ना नमाजेला उभी राहिली की त्या नकळत पुढे काहीतरी वाईट घडण्याची वाट पाहत होत्या, आणि ती नमाज आटोपून न्याहारीला गेली तेव्हा त्यांना आपलीच लाज वाटली.